मालकाची चिठ्ठी

हैदराबाद शहराबाहेर, उस्मानसागराच्या काठी चिलकूर नावाचे एक खेडे आहे. तेथील बालाजीच्या देवळात दानपेटी नाही. देवाला पैसे नकोत, प्रदक्षिणा हव्यात. नवस बोलताना ११ आणि नवस पुरा झाल्यावर १०८. गेल्या काही दशकांत परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची येथे इतकी रीघ लागली की या देवास 'व्हिसा बालाजी' असे नावच पडून गेले. काचीगुड्याला राहणाऱ्या आमच्या मावशीने २०१२ साली येथे १०८ प्रदक्षिणा घातल्या होत्या; आमचे थोरले मावसबंधू त्या वर्षी बायको आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन नोकरीनिमित्त अमेरिकेस गेले. हातातल्या कागदावर एकेक खूण करीत, गुडघे दुखत असतानाही तिने तो आकडा पुरा केला होता.

परवा मावशीने आम्हांस पुन्हा चिलकूरला नेले. या खेपेस ११ च प्रदक्षिणा होत्या. म्हणजे नवस नवा होता. परतताना बसमध्ये तिने आम्हांस विचारले, "अरे, इतकी वर्षे तो तिथे इमानाने नोकरी करतो आहे, कर भरतो आहे, घर घेतले आहे. मग त्याला कायम करायला त्यांची हरकत काय? तू सरकारी माणूस. तुला तरी कळायला हवे."

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. 'कायम' या शब्दाचे वजन आम्हांस पुरते ठाऊक आहे. आमच्या खात्यातील जुनी मंडळी सांगतात की, एकेकाळी सरकारी नोकरीत धड तात्पुरता नाही आणि धड कायमही नाही अशी एक मधली पायरी असे, आणि माणसे त्या पायरीवर वर्षानुवर्षे उभी असत. मावशीच्या प्रश्नाला बसमध्ये आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र त्याचा छडा लावावा असे वाटले. जे हाती लागले ते येथे मांडतो. कारण या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज कोणी ना कोणी विचारीत असेल.

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना नोकरीच्या आधारे मिळवावयाचा तर बहुतेकांना मालकाची चिठ्ठी लागते. 'हा मनुष्य मला हवा आहे' असे तेथील एखाद्या मालकाने सरकारला लिहून द्यावे लागते. हे आज इतके स्वाभाविक वाटते की, असे पूर्वीपासूनच चालत आले असावे अशी आपली समजूत होते. परंतु इतिहास नेमका उलट आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या मजुराच्या खिशात अशी चिठ्ठी सापडली, तर तेवढ्याच कारणावरून त्यास परत पाठवीत असत.

आरंभ यादवी युद्धापासून करावा लागेल. उत्तरेकडील कारखान्यांना आणि शेतांना माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा ४ जुलै १८६४ रोजी लिंकन यांच्या सहीने परदेशी मजुरांच्या आगमनास उत्तेजन देणारा एक कायदा झाला. मजुराने आपल्या प्रवासखर्चाच्या फेडीसाठी जास्तीत जास्त १२ महिन्यांचे वेतन गहाण लिहून द्यावे आणि असा करार अमेरिकेतील न्यायालयांनी मान्य करावा, असा त्यातील मुख्य भाग होता. चार वर्षांनी, १८६८ मध्ये, तो कायदा रद्द झाला. तथापि आगाऊ भाडे देऊन माणसे आणण्याची चाल थांबली नाही. संप झाला की परदेशातून आणलेले मजूर निम्म्या पगारावर कामास लावावयाचे, अशी तक्रार कामगार संघटना करू लागल्या. तिचा परिणाम म्हणजे २६ फेब्रुवारी १८८५ चा करारबद्ध मजुरांविरुद्धचा कायदा. आधी नोकरी ठरवून, भाडे भरून परदेशी माणूस आणील त्या मालकास प्रत्येक माणसामागे एक हजार डॉलर दंड ठेवण्यात आला. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर अशा थोड्यांना तेवढी सूट होती.

या कायद्याने येणाऱ्या माणसाची मोठी विचित्र कोंडी केली. १८८२ च्या कायद्यान्वये, जो स्वतःचे पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होऊन राहील, अशास प्रवेश नव्हता. १८९२ च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरील तपासणी-नाके उघडले. तेथे अधिकारी विचारी, "येथे काम ठरवून आला आहेस काय?" 'होय' म्हणावे, तर करारबद्ध मजूर म्हणून परतीचे जहाज. 'नाही' म्हणावे, तर 'मग खाणार काय' हा प्रश्न तयारच. दंड पुष्ट आहेत, काम कोणतेही करीन, परंतु कोणी बोलावलेले मात्र नाही, असे मोजूनमापून उत्तर द्यावे लागे. ज्यास कोणीतरी बोलावले आहे, तो स्वतंत्र मनुष्य नव्हे, असे त्या काळचे कायद्याचे तत्त्व होते.

या तत्त्वाचा एक मासला न्यायालयाच्या दप्तरात कायमचा राहिला आहे. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने १८८७ मध्ये इंग्लंडमधील वॉल्पोल वॉरन या धर्मोपदेशकास करार करून बोलाविले. सूट मिळालेल्यांच्या यादीत नट होता, गवई होता; धर्मोपदेशक नव्हता. सरकारने चर्चवर दंडाचा दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती ब्रूअर यांनी निर्णय दिला की, कायद्याच्या शब्दांत हे कृत्य बसत असले तरी कायद्याच्या हेतूत बसत नाही. चर्च सुटले. ज्या गरीब मजुरांच्या बाबतीत शब्द आणि हेतू दोन्ही जुळत होते, त्यांच्यासाठी मात्र दार बंदच राहिले.

हिंदी मनुष्याला तर हा प्रश्नही फार काळ लागू झाला नाही, कारण त्याच्यापुढे निराळीच भिंत उभी होती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग 'निषिद्ध प्रदेश' ठरविला आणि त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नाही असे ठरविले आणि आधी मिळालेली नागरिकत्वेही सरकार काढून घेऊ लागले. हे बंधन सैल झाले ते २ जुलै १९४६ रोजी. त्या दिवशीच्या कायद्याने हिंदुस्थानच्या वाट्यास वर्षाला १०० जागा आल्या. चाळीस कोटींच्या देशास शंभर! परंतु शून्यापेक्षा शंभर बरे, असे म्हणून त्या वेळी समाधान मानण्यात आले.

मालकाच्या चिठ्ठीचे नशीब फिरले ते १९५२ मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला असताही अमेरिकी काँग्रेसने त्यावर मात करून नवा कायदा संमत केला. त्याने करारबद्ध मजुरांवरील जुनी बंदी उठविली. इतकेच नव्हे, तर प्रत्येक देशाच्या वाट्याचा निम्मा भाग, ज्यांच्या विशेष कौशल्याची तातडीची गरज असल्याचे तेथील मालक अर्ज करून दाखवील, अशांसाठी राखून ठेवला. जी चिठ्ठी काल गुन्ह्याचा पुरावा होती, ती आज शिफारसपत्र झाली. कामगारांच्या हितासाठी एक अडसर ठेवण्यात आला होता: अशा कामासाठी देशात माणसे पुरेशी आहेत असे मजूरमंत्र्याने कळविले, तर प्रवेश बंद.

३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केलेल्या कायद्याने वंशानुसार जागा वाटण्याची रीत मोडली. पूर्व गोलार्धास १,७०,००० जागा आणि त्यांत कोणत्याही एका देशास २०,००० हून अधिक नाहीत, अशी मर्यादा ठरली. शंभरावरून वीस हजार! आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर आणि शास्त्रज्ञ यांची पहिली मोठी पिढी या दारातून गेली. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले, ते याच पिढीच्या बळावर.

याच कायद्यात एक बारीक फेरफार होता. त्याकडे कारकुनाचे लक्ष गेल्यावाचून राहात नाही. १९५२ मध्ये मजूरमंत्र्याने हरकत घेतली तरच अडवणूक होई. १९६५ पासून त्याच्या खात्याने 'हरकत नाही' असे आधी लिहून दिल्यावाचून अर्ज पुढे सरकेनासा झाला. कागदावर एवढासाच फरक. पण हरकत घेण्याची वाट पाहणे आणि हरकत नसल्याचा दाखला आणणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने सरकारी कचेरीची पायरी चढली आहे त्यास सांगावयास नको. तरीही उच्चशिक्षित मनुष्यास तेव्हा स्वतःच अर्ज करता येत असे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यांनाही मालकाची मागणी आवश्यक केली. पुढे २९ नोव्हेंबर १९९० च्या कायद्याने आजची रचना केली: नोकरीच्या आधारे येणाऱ्यांस वर्षाला सुमारे १,४०,००० जागा, त्यांच्या पाच श्रेणी, आणि कोणत्याही एका देशास साधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा.

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. आमचे मावसबंधू ज्या वाटेने चालले आहेत, तिचे तीन टप्पे आहेत. पहिला मजूर खात्याचा दाखला. मालकाने त्या जागेचे चालू वेतन ठरवून घ्यावयाचे, रविवारच्या वृत्तपत्रांत दोनदा जाहिरात द्यावयाची, सरकारी रोजगार कचेरीकडे ती जागा ३० दिवस नोंदवावयाची, आणि योग्य असा अमेरिकी उमेदवार मिळाला नाही असे दाखवावयाचे. ज्या खुर्चीवर मावसबंधू बसून काम करीत होते, त्याच खुर्चीसाठी ही जाहिरात निघाली होती. स्वतःच्या जागेची जाहिरात वाचण्याचा अनुभव कसा असतो, असे आम्ही त्यांस एकदा दूरध्वनीवर विचारले होते. ते म्हणाले, "आपलीच पत्रिका दुसऱ्याच्या लग्नासाठी वाचतो आहोत, असे वाटते."

दुसरा टप्पा म्हणजे स्थलांतर खात्याकडे मालकाचा अर्ज. येथे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. अर्जदार मालक असतो. ज्याचे आयुष्य त्या कागदाने ठरावयाचे, त्यास 'लाभार्थी' म्हणतात. असामान्य कर्तृत्वाच्या किंवा राष्ट्रहिताच्या आधारे स्वतःसाठी अर्ज करण्याची मुभा थोड्यांना आहे, बाकीच्यांना नाही. तिसऱ्या टप्प्यात मनुष्य प्रथमच स्वतःच्या नावाने अर्ज करतो. परंतु त्यासाठी त्याची पाळी यावी लागते, आणि सारे घोडे पेंड खाते ते येथे.

पाळी ठरते दोन गोष्टींवरून. एक, पहिला कागद दाखल झाल्याची तारीख, दुसरी, जन्मस्थान. नागरिकत्व कोणते आहे हे पाहात नाहीत. जन्म कोठे झाला हे पाहतात. एकाच मराठी घरातील दोन भाऊ, वडील मस्कतला नोकरीस असताना थोरला तेथे जन्मला आणि धाकटा आजोळी नांदेडला, तर थोरला ओमानच्या रांगेत उभा राहतो आणि धाकटा भारताच्या. ओमानची रांग नसल्यासारखीच आहे. भारतासाठी ७ टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला जागा येतात सुमारे ९,८००, त्या पाचही श्रेणींत विभागलेल्या, आणि त्यांतच बायका-मुलांचीही गणना होते. इतर देशांनी न वापरलेल्या जागा कधी कधी मिळतात, परंतु रांग त्याहून वेगाने वाढते. अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्यास कोणत्या तारखेपर्यंत पाळी आली ते प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये भारतीयांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीची पाळी २०१२ च्या तारखांपाशी रेंगाळत होती. आमच्या मावसबंधूंची तारीख २०१६ ची आहे.

या तारखा नेहमी पुढेच सरकतात असेही नाही. कधी त्या मागेही येतात. २००७ च्या जुलैसाठी जाहीर झाले की, नोकरीच्या जवळजवळ सर्व श्रेणींना दार खुले आहे. हजारो लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांना पैसे भरले. आणि २ जुलैला खात्याने कळविले की, जागा संपल्या, अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. तेव्हा भारतीय अर्जदारांनी जो मार्ग काढला तो आपल्या ओळखीचा आहे. आदल्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द घरोघरी पोचविला होता. १० जुलै रोजी स्थलांतर खात्याच्या संचालकांच्या नावे फुलांच्या गुच्छांची रांग लागली. ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आली. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरविला आणि अर्ज घेतले. ज्यांस मत देण्याचा अधिकार नाही, अशांनी परक्या देशाच्या सरकारकडून मिळविलेला तो एक छोटासा विजय होता.

त्यानंतर रांगेचे मूळ दुखणे दूर करण्याचे यत्न झाले नाहीत असे नाही. देशवार मर्यादा काढून टाकणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. परंतु त्याचा कायदा झाला नाही. २०२१ च्या आर्थिक वर्षात तर नवलच घडले. साथीमुळे कौटुंबिक श्रेणीतील जागा उरल्या आणि नोकरीच्या जागा २,६२,००० पर्यंत वाढल्या; पण कचेऱ्यांना तितके अर्ज वेळेत निकालात काढता न आल्यामुळे साठ हजारांहून अधिक जागा वर्षाअखेर वाया गेल्या. अनुदान मंजूर व्हावे आणि ३१ मार्चला ते खर्चावाचून परत जावे, हे दृश्य आम्हांस अपरिचित नाही. फरक इतकाच की, येथे परत गेली ती माणसांची वर्षे होती.

अमेरिकेवर दोष ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. कोणास घरात घ्यावे हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्रास अधिकार आहे, आणि आपल्या कामगाराचा घास दुसऱ्याने स्वस्तात हिरावू नये, ही १८८५ ची चिंता आजही खोटी ठरलेली नाही. देशवार मर्यादेच्या बाजूनेही एक विचार आहे: एकाच देशाच्या लोकांनी सारी दारे अडवू नयेत. परंतु दीडशे वर्षांचा हा कागदोपत्री प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट खटकते. 'तुला कोणी बोलावले काय' हाच प्रश्न कायदा तेव्हाही विचारीत होता, आजही विचारतो. 'होय' या उत्तराने पूर्वी दार बंद होई, आज उघडते. 'तुला स्वतःला येथे राहावयाचे आहे काय आणि इतक्या वर्षांत तू येथे काय उभे केलेस' याला मात्र या वाटेवर कोणत्याच रकान्यात जागा नाही. करारबद्ध मजुराची प्रथा मोडण्यासाठी ज्या देशाने कायदा केला, तेथेच मनुष्य आज मालकाच्या कागदाला बांधला जाऊन बारा-बारा वर्षे काढतो. २००० च्या कायद्याने ती गाठ थोडी सैल केली. तात्पुरत्या परवान्याची सहा वर्षांची मुदत रांगेत असलेल्यांना वाढवून मिळू लागली; शेवटच्या टप्प्यावर १८० दिवस गेले की मालक बदलण्याची सोयही झाली. पण शेवटच्या टप्प्यापूर्वीच नोकरी गेली, तर नवा मालक शोधावयास साधारणपणे ६० दिवस मिळतात. दहा वर्षांचा संसार आवरावयास दोन महिने!

या ठिकाणी आम्हांस आमच्याच शहराची एक जुनी गोष्ट आठवते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ पासून मुलकी नियम होते. बाहेरून आलेल्या माणसास सरकारी नोकरी हवी असेल, तर त्याने संस्थानात किमान १५ वर्षे वास्तव्य केलेले असावे, आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला आहे असे शपथेवर लिहून द्यावे. या नियमांवरून पुढे आंदोलने झाली, रक्त सांडले. अखेर १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. आम्ही त्या नियमांचे समर्थन करीत नाही. पण मुलकी नियम निदान माणसाचे वास्तव्य मोजीत असे. त्याची वर्षे त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा होत. आज आपल्यापैकी कोणी सोलापूर सोडून हैदराबादेस येतो, कोणी नागपूर सोडून दिल्लीस. तोही बहुधा नोकरीच्या कागदावरच येतो. पण निवृत्त झाल्यावर येथे राहू की नको, हे त्यास मालकास विचारावे लागत नाही. देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. इतकी वर्षे हा हक्क आम्ही श्वासासारखा वापरला. त्याचे मोल मावसबंधूंची फाइल समजून घेताना प्रथम कळले.

मूळ गावी परतण्याच्या विचाराचे अमेरिकेचे म्हणणे मोठे मजेदार आहे. तात्पुरता येणारा मनुष्य परत जाणार आहे असे एरवी सिद्ध करावे लागते. पण १९९० च्या कायद्याने मावसबंधूंच्या वर्गातील नोकरदारांस यातून सूट दिली. म्हणजे परत जाण्याचा आणि कायम राहण्याचा, असे दोन्ही विचार एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात, हे कायद्याने मान्य केले. आमच्या मावशीने ते त्याहीपूर्वी ओळखले असते. काचीगुड्याच्या घरातील त्यांची खोली तिने अजून भाड्याने दिलेली नाही.

हे सारे आम्ही गेल्या रविवारी मावशीस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. हिरव्या कार्डाचा रंग १९६४ मध्ये निळा झाला होता, मग आणखी बदलत गेला आणि २०१० मध्ये पुन्हा हिरवा झाला, हे ऐकून ती हसलीही. मग तिने विचारले, "आणि पोरीचे काय?"

तो भाग आम्ही मुद्दामच गाळला होता. आईबापांच्या रांगेत मुलाचे नाव एकवीस वर्षांचे होईपर्यंतच राहते. २००२ च्या कायद्याने वय मोजताना थोडी सवलत दिली आहे; पण अशा लांब रांगेस ती पुरत नाही. सहाव्या वर्षी गेलेली आमची पुतणी आता विसाव्यात आहे. तिचे शिक्षण तेथले, बोलणे तेथले, मराठी आजीपुरती. पाळी येण्याआधी तिचा एकविसावा वाढदिवस आला, तर ती बापाच्या कागदावरून गळेल, आणि ज्या देशात वाढली तेथे परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा परवाना मागावा लागेल. नंतर तिलाही कोणा मालकाची चिठ्ठी शोधावी लागेल.

आम्ही हे शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. मावशी म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. तिने फोनवर सांगितले होते मला." चिलकूरच्या त्या ११ प्रदक्षिणा मुलासाठी नसून नातीसाठी होत्या, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.